मंजिरीकाकूंची शीव

"निऱ्या वर घ्या, फवारा सुरू होतोय."

हे वाक्य माझ्या पाठीमागून आलं ते व्हर्जिनियातल्या हर्नडन गावात, टपालपेट्यांच्या खांबापाशी. मी वळून पाहिलं. मागे एक उंच, गोरीपान, पांढऱ्या केसांची मेमसाहेब उभी होती, म्हणून मी तिच्या मागच्या झाडाकडे पाहिलं. बोलणारी मराठी बाई तिथे असणार, असा माझा हिशेब. तेवढ्यात गवतातून पाणी उसळलं आणि माझी नायलॉनची साडी गुडघ्यापर्यंत भिजली.

"सांगितलं होतं," मेमसाहेब म्हणाली. "पण तुम्ही झाडाला विचारत बसलात."

ही आमची पहिली भेट. साल २००४. आता मी ब्याऐंशीची आहे, त्यामुळे त्या एकसष्ट वर्षांच्या पोरीला नावं ठेवायचा मला पूर्ण अधिकार आहे. अकोल्याच्या मुलींच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवून ती निवृत्त झालेली. लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेली. साडीखाली जावयाने आणलेले पांढरेशुभ्र बूट, हातात पिशवी (अमेरिकेत काही पडलेलं सापडलं तर), आणि डोक्यात अशी पक्की समजूत की जगातली कुठलीही गोष्ट पाच गुणांच्या उत्तरात बसते.

मेमसाहेबांचं नाव मार्जरी दामले. इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात त्या नर्स होत्या, तिथे मिरजेच्या डॉक्टर दामल्यांनी त्यांना पाहिलं. लग्नानंतर डॉक्टरांनी मिरजेत दवाखाना घातला, तो चालला नाही, म्हणून अमेरिका. पण त्या मधल्या दोन-तीन वर्षांत मार्जरीबाई सासूच्या हाताखाली पुऱ्या तयार झाल्या. सासूबाईंना 'मार्जरी' म्हणता येत असूनही म्हणायचं नव्हतं, म्हणून त्यांनी मंजिरी ठेवलं. बाकी भाषा, स्वयंपाक आणि टोमणे हे सगळं सासूबाईंचंच. डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झाली होती, सासूबाई त्याहून आधी, पण सासूबाईंचा आवाज काकूंच्या तोंडात जसाच्या तसा राहिला होता. तरुण कॉम्प्युटरवाल्या पोरी त्यांच्याकडून कुकरची शिट्टी बदलायला शिकत आणि वर ऐकूनही घेत, "जळ्ळं मेलं लक्षण, डाळ धुवायची असते हे आईनं नाही सांगितलं?"

सगळी वस्ती त्यांना काकू म्हणे. मीही काकूच म्हणू लागले, आणि त्या मला सरळ सुमन.

काकूंच्या दोन खोडी मला पहिल्याच आठवड्यात दिसल्या. एक म्हणजे घरात लोकरीचा धागा नाही. हर्नडनच्या बर्फातसुद्धा म्हणे त्या सुती गोधडीसारखा कोट घालत. मेंढी या प्राण्याशी त्यांचं वैर होतं. मेंढीचं मटण मात्र चवीनं खात, आणि खाताना म्हणत, "हा सूड आहे."

दुसरी खोड चालण्याची. रोज संध्याकाळी वस्तीला एक फेरी, नेहमी उजवीकडून, आणि वाटेत ठरावीक वस्तूंवर बोटाच्या पेरांनी टकटक. दिव्याचा खांब, आग विझवायच्या पाण्याचा तो बुटका लाल नळ, कोपऱ्यावरची थांबायची पाटी, टपालपेट्यांचा खांब. दारावर वाजवावं तसं वाजवायचं, क्षणभर थांबायचं आणि पुढे.

"ओसीडी असेल यार त्यांना," आमचा जावई समीर म्हणाला.

"समीर, हळू बोल ना, आई जाऊन सांगेल," लेक स्वाती म्हणाली. लेकीने मला बरोबर ओळखलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं.

काकू हसल्या. "सांग त्याला, शीव धरते आहे म्हणावं."

मला कळलं नाही, पण न कळलेलं कबूल करणं त्या पोरीच्या स्वभावात नव्हतं. उलट तिने काकूंच्या स्वयंपाकघरात बसून, त्यांच्याच हातचा आल्याचा चहा पीत, इंग्रजांनी हिंदुस्थानातली खेडी कशी उद्ध्वस्त केली यावर व्याख्यान दिलं. शेतसारा, विणकर, दुष्काळ, सगळं क्रमवार. मधे एकदा टेबलावर हातही आपटला. फळा नव्हता म्हणून, नाहीतर मुद्दे लिहूनही दिले असते.

काकूंनी सगळं ऐकलं. कप उचलून सिंकमध्ये ठेवले.

"संपलं? खरंच आहे हो सगळं. पण आधी त्यांनी आमच्यावर हात बसवला, मग तुमच्याकडे आले."

मग त्यांनी त्यांच्या गावाचं सांगितलं. नेदर हॅझलकोट. गाव म्हणजे काय, एक चिमुकली पॅरिश, म्हणजे एका देवळाच्या नावाने बांधलेली हद्द. देऊळ म्हणजे चर्च, पण मराठीत बोलताना त्या देऊळच म्हणत. ते देऊळ माळावर एकटं. आजूबाजूला पाच-सहा शेतघरं. आणि देवळाला लागून एक मोठं कुरण, त्यात उंचवटे आणि खळगे, हिरवं गवत पांघरलेले. ऊन कललं की सावल्या पडून त्या उंचवट्यांत गल्ली दिसे, घरांचे चौकोन दिसत, तळ्याची गोल कड दिसे. तिथे पाचशे वर्षांपूर्वी गाव होतं. जमीनदाराला मेंढ्या पाळायच्या होत्या, लोकरीला भाव होता, म्हणून त्याने गाव उठवलं. माणसं पोराबाळांसकट रस्त्यावर. छपरं पाडली, भिंती विरघळल्या, देऊळ तेवढं राहिलं कारण देवाला हाकलायची सोय नव्हती.

"लहानपणी मी त्या खळग्यांत लपाछपी खेळायचे," काकू म्हणाल्या. "कुणाच्या तरी चुलीत बसून."

माझे वडील तलाठी होते. त्यांच्याबरोबर लहानपणी मी अशा जागी गेले होते. सरकारदप्तरी गावाचं नाव असायचं, हद्द असायची, आणि तिथे जावं तर एक बिनछपराचा मारुती, चिंचेचं झाड आणि पांढऱ्या मातीचं टेकाड. पटकी आली होती, नाहीतर विहीर आटली होती, माणसं निघून गेली होती. दप्तरात अशा गावापुढे एक शब्द लिहायचे. मी तो काकूंना सांगितला. बेचिराख.

"म्हणजे?"

"चिराग म्हणजे दिवा. जिथे दिवा लागत नाही ते."

काकूंनी तो शब्द दोन-तीनदा म्हणून पाहिला, लोणचं चाखावं तसा. "माझ्या गावाला इंग्रजीत शब्द आहेत, पण ते सगळे अभ्यास करणाऱ्यांचे आहेत. हा दिवा लावणाऱ्यांचा आहे." त्या दिवसापासून त्या "आमचं बेचिराख" असंच म्हणू लागल्या, माहेर म्हणावं तसं.

आणि टकटकीचं रहस्य त्याच दिवशी कळलं. त्या पॅरिशमध्ये एक चाल होती. वसंतात एक दिवस सगळ्या गावाने हद्दीवरून चालायचं. हातात विलो नावाच्या झाडाच्या छड्या. शिवेवरचा दगड आला की छड्यांनी त्याला बडवायचं, त्याचं नाव घ्यायचं, आणि एखाद्या पोराला उचलून त्या दगडावर ढुंगणानं आपटायचं. मग त्याला गोड पाव द्यायचा.

"आपटायचं कशाला?" मी विचारलं.

"लक्षात राहायला. आपटल्याशिवाय लक्षात राहत नाही."

"लिहून ठेवायचं की."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्याच वर्गात अंगठे धरून उभं राहिल्यासारखं वाटलं.

"लिहिलेलं जमीनदाराकडे होतं, सुमन. गाव त्याचं आहे असं कागदावर लिहिलेलं होतं, म्हणून तर उठवता आलं. कागद त्यांच्याकडे, आमच्याकडे फक्त पोरांची ढुंगणं."

त्या चालीत आपटली गेलेली शेवटची दोन पोरं म्हणजे काकू आणि त्यांचा धाकटा भाऊ. पुढे पाद्री बदलले, पाच-सहा देवळांना मिळून एक पाद्री आला, मग देऊळ बंद झालं, पॅरिश शेजारच्या मोठ्या पॅरिशमध्ये मिसळली. ट्रॅक्टरला अडतात म्हणून शेतकऱ्याने दगड उपटले. भाऊ मागच्या हिवाळ्यात गेला. आता हॅझलकोटची शीव पृथ्वीच्या पाठीवर एकाच ठिकाणी होती, काकूंच्या अंगात. त्या रोज संध्याकाळी वस्तीभोवती चालत ती याच शिवेवरून. हा खांब म्हणजे अमुक दगड, ही पेटी म्हणजे तमुक.

"मग नावं सांगा ना मला," मी म्हटलं.

"तोंडी नाही. दगडापाशी पोचल्यावर, आपटताना सांगायचं. आणि पोराला. म्हाताऱ्या माणसाला सांगून काय उपयोग?"

एकसष्ट वर्षांच्या त्या पोरीला हा शब्द फार लागला.

मे महिन्यात मराठी मंडळाचा कार्यक्रम होता, एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन. अध्यक्षीणबाईंनी काकूंना बोलायची विनंती केली. त्यांना हवं होतं ते वेगळं. गोऱ्या बाईने नऊवारीत उभं राहून शुभंकरोति म्हणावं, पोरांनी पाहावं आणि सगळ्यांनी फोटो काढावेत. काकू साध्या कुडत्यात आल्या आणि माइक हातात घेऊन त्यांनी बेचिराख गावाची गोष्ट सुरू केली. त्या दिवशी मात्र त्यांनी स्वतःचाच नियम मोडायचं ठरवलं होतं. एवढी पोरं समोर बसलेली पाहून असेल. "मी तुम्हाला शीव सांगते," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी मांडीवर थाप मारायची."

पोरांना मजा वाटली. देवळाचं फाटक, थाप. लांडग्याचा दगड, थाप. पोथीचा ओक, त्या झाडाखाली पाद्री उभा राहून धर्मग्रंथ वाचायचा, थाप. मग काकू थांबल्या. इकडे तिकडे पाहिलं. "लांडग्याचा दगड," त्या पुन्हा म्हणाल्या. पोरांनी थाप मारली. "पोथीचा ओक." थाप. आणि परत थांबल्या.

"लांडग्याचा दगड," त्या म्हणाल्या.

आता पोरं हसायला लागली, त्यांना तो खेळच वाटला. मागे वड्यांचे ट्रे आले होते, मोठी माणसं उठून रांगेत उभी राहत होती. अध्यक्षीणबाई टाळ्या वाजवत स्टेजवर आल्या आणि "काकूंनी किती छान मराठी जपलंय" असं म्हणून त्यांनी माइक काढून घेतला.

मी काकूंना हात धरून बाहेर आणलं. पार्किंगमध्ये त्या मोटारींच्या रांगेकडे बघत उभ्या होत्या.

"ओकाच्या पुढे उतार आहे," त्या म्हणाल्या. "उतार दिसतोय मला. पण खाली काय आहे ते नाही दिसलं."

"पाय दुखले असतील, म्हणून विसरलात," मी म्हटलं. असलं काहीतरी बोलायची माझी हातोटी दांडगी होती.

"सुमन, मी नर्स होते," काकू म्हणाल्या.

नंतर एक-एक कळत गेलं. दुधाचं भांडं गॅसवर विसरून धुराची घंटा वाजली, ती कितव्यांदा हे शेजाऱ्यांनाच माहीत. किल्ली फ्रीजमध्ये. एकदा मला "वन्सं" म्हणाल्या आणि मिरजेच्या भाषेत खडसावलं की हौदावरचे कपडे अजून का नाही काढले. त्यांचा मुलगा माधव अ‍ॅरिझोनात चँडलरला होता, चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. ऑफिसात त्याला मॅट म्हणत. तो फोनवर फोन करी. वाईट नव्हता तो. थकलेला होता. त्याने ठरवलं होतं की ऑक्टोबरात घर विकायचं आणि आईला चँडलरला, अशा म्हाताऱ्यांची काळजी घेणाऱ्या जागी न्यायचं.

काकूंनी वाद घातला नाही. मला एवढंच म्हणाल्या, "चालताना अजून आठवतं. पाय घेऊन जातात. तिथे नेल्यावर कुठून चालणार मी? त्याच्या आधी एक पोर पाहिजे."

पोर आमच्या घरात होतं. माझी नात सई, पाच वर्षांची, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. तिला मी काकूंकडे नेलं. गोड पावाऐवजी बेसनाचा लाडू मिळेल, पण प्रत्येक दगडाला आपटून घ्यावं लागेल, असा करार काकूंनी तिच्यापुढे ठेवला.

"विल इट हर्ट?" सईने विचारलं.

"थोडं," काकू म्हणाल्या. "नाही दुखलं तर फुकट गेलं."

सईने विचार केला. "ओके. बट बिग लाडू."

सप्टेंबरातल्या एका शनिवारी, स्वाती आणि समीर दुकानात गेले असताना, आम्ही तिघी निघालो. हातात छड्या म्हणून माझं लाटणं, काकूंची छत्री आणि सईची प्लॅस्टिकची बॅडमिंटनची रॅकेट. काकूंच्या घराची पायरी म्हणजे देवळाचं फाटक. तिथे पहिलं बडवणं झालं. मी सईचे हात धरले, काकूंनी पाय, झोका दिला आणि आपटलं. सई किंचाळून हसली. लांडग्याचा दगड म्हणजे लाल नळ. पोथीचा ओक म्हणजे दिव्याचा खांब. प्रत्येक ठिकाणी काकू आधी नाव म्हणत, इंग्रजीतून आणि मराठीतून, मग सई म्हणे, मग दणका, मग लाडवाचा तुकडा.

आणि खांबाच्या पुढे काकूंना उतार आठवला. उताराखाली काय होतं तेही. पाय घेऊन गेले. "गिरणीचा ओढा," त्या म्हणाल्या, पावसाचं पाणी साठवायच्या तळ्यापाशी उभ्या राहून. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला सईला त्यांनी जरा जोरातच आपटलं. पुढे थांबायच्या पाटीपाशी फाशीचा कोपरा. तिथे पूर्वी गुन्हेगार टांगायचे. सईला ते फार आवडलं.

पण तिथल्या काँक्रीटवर तिचं कोपर खरचटलं. रक्त दिसलं आणि तिने गळा काढला. काकू म्हणाल्या, "हा चांगला बसला. आता हा नाही विसरणार." आता एकच दगड उरला होता. तो टपालपेट्यांच्या खांबाशी आहे एवढं मला कळलं, कारण काकूंनी छत्रीने तिकडे दाखवलं. पण नाव त्यांनी सांगितलं नाही. पोचल्यावर सांगायचं होतं.

आम्ही पोचलोच नाही. रडणाऱ्या पोरीला दोन म्हाताऱ्या हातपाय धरून दगडावर आदळतायत आणि एकीच्या हातात लाटणं आहे, हे कुणीतरी खिडकीतून पाहिलं होतं. पोलिसाची गाडी आवाज न करता येऊन थांबली.

पोलीस कोवळा पोरगा होता, फार अदबीने बोलत होता. मी जन्मभर साठवलेलं इंग्रजी बाहेर काढलं आणि म्हटलं, "सर, इट इज कल्चर."

"युअर कल्चर, मॅम?"

"नो नो. हर कल्चर. इंग्लिश."

तो काकूंकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं. समोर त्याच्या आजीसारखी गोरी बाई, आता सगळा उलगडा होईल. काकू ताठ उभ्या राहिल्या आणि त्याला म्हणाल्या, "हे बघा, शेवटचा दगड राहिलाय. तेवढा होऊ द्या, मग काय ते विचारा."

मराठीत.

त्याने पुन्हा विचारलं. काकूंनी पुन्हा सांगितलं, जरा सावकाश, बहिऱ्याला सांगावं तसं. पुन्हा मराठीत. त्यांना कळतच नव्हतं की आपण कुठल्या भाषेत बोलतोय. त्या चिडल्या. "शिंचं, एवढं साधं कळत नाही?" मग तो पोरगा माझ्याकडे वळला, आणि गोऱ्या इंग्रज बाईच्या मराठीचं मी माझ्या अकोल्याच्या इंग्रजीत भाषांतर करू लागले. इतक्या वर्षांत मी ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी हसवायला सांगितली आहे. त्या वेळी मला काकूंचे हात दिसत होते. छत्रीच्या दांड्यावर बोटं काहीतरी सापडत नसल्यासारखी फिरत होती.

स्वाती आणि समीर परत आले तेव्हा अंगणात पोलीस होता. पुढचा तासभर काय झालं ते लिहीत नाही. सई म्हणाली, "इट वॉज अ गेम, आय गॉट लाडू," आणि त्यावर प्रकरण मिटलं. पण पोलीस गेल्यावर स्वाती जमिनीवर बसली.

"आई, आपली ग्रीन कार्डाची फाइल चालू आहे. दिवस कसे आहेत माहीत आहे ना तुला? एक कंप्लेंट, बस. आणि मुलीला घेऊन गेले असते तर?"

मी लाटणं पदराआड घेतलं. सईला काकूंकडे न्यायचं नाही असं ठरलं. लेकीचं बरोबर होतं, आणि मला तिचा राग आला होता, दोन्ही एकदम.

पोलिसांनी माधवलाही फोन केला होता. तो ऑक्टोबरची वाट न पाहता त्याच आठवड्यात आला. खोकी भरली गेली. निघायच्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर काकू पायरीवर बसल्या होत्या, देवळाच्या फाटकावर. त्या दिवशी डोकं स्वच्छ होतं.

"एकच राहिला गं," त्या म्हणाल्या.

"मला आपटा," मी म्हटलं. "चला, टपालपेट्या इथेच आहेत. माझं ढुंगण काही लहान नाही, बरंच लक्षात राहील."

काकू हसल्या, अगदी डोळे पुसेपर्यंत. "तुझं काय गं, तू कदाचित माझ्या आधी जाशील. पोर पाहिजे." मग माझ्या डोक्यावर पेरांनी टकटक केलं, खांबावर करत तसं, आणि माधवच्या गाडीत जाऊन बसल्या. गाडी टपालपेट्यांवरून गेली तेव्हा त्या दुसऱ्या बाजूला बघत होत्या.

२००८ साली समीरने नोकरी बदलली आणि ही मंडळी योगायोगाने चँडलरलाच गेली. मी हिवाळ्यात गेले. स्वातीनेच माधवला फोन लावला. "सईलाही ने," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता.

ती जागा स्वच्छ होती. बाहेर गवत नाही, खडी आणि निवडुंग. आत गालिचा घातलेला लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना सारखी दारं. काकू खिडकीशी खुर्चीत होत्या, निम्म्या झालेल्या. आणि त्यांच्या अंगात लोकरीचा स्वेटर होता. जाड, पांढरा, खास मेंढीचा. कुणीतरी मायेनेच घातला असणार. मी आधी तो काढला आणि सोफ्यामागे टाकला. माझी सुती शाल त्यांच्या खांद्यावर घातली. मग म्हटलं, "काकू, ओळखलंत का?"

त्या फार गोड हसल्या आणि इंग्रजीत विचारलं, आपण नवीन नर्स का? मी मराठीत बोलत राहिले, मिरज म्हटलं, सासूबाई म्हटलं, जळ्ळं मेलं म्हटलं. काहीच हललं नाही. पोलिसासमोर इंग्रजी हरवलं होतं, ते परत आलं होतं, आणि जाताना मराठी घेऊन गेलं होतं. मला वाटलं, बेचिराख म्हणतात ते हे.

सई आता नऊ वर्षांची होती, चष्मा लागलेला. ती पुढे झाली आणि तिने खुर्चीच्या हातावर पेरांनी टकटक केलं. "चर्च गेट," ती म्हणाली.

काकूंची मान वर झाली.

"वुल्फ स्टोन," सई म्हणाली.

"गॉस्पेल ओक," काकू म्हणाल्या. आवाज एकदम तरुण होता. मग उतार, मग ओढा. दोघी आळीपाळीने, खुर्चीच्या हातावर वाजवत. फाशीच्या कोपऱ्यापाशी सईने बाही वर करून कोपर दाखवलं. तिथे फिकट वण होता. काकूंनी त्यावरून बोट फिरवलं.

"अँड देन?" सई म्हणाली. "यू नेव्हर टोल्ड मी द लास्ट वन."

काकू उठल्या. सईचा हात धरून व्हरांड्यातून निघाल्या, उजवीकडून. प्रत्येक दारावर टकटक, क्षणभर थांबायचं आणि पुढे. खोलीतली एक म्हातारी आतून "कम इन" म्हणाली. मी मागून चालत होते. एक नर्स माझ्या कानाशी म्हणाली की रोज असंच करतात, बिचाऱ्यांना स्वतःची खोली सापडत नाही.

व्हरांडा संपला तिथे बंद दार होतं, कुलूपवालं. काकूंनी त्यावर हात ठेवला. ओठ हलले. शब्द आला नाही. पुन्हा हलले. सई अगदी स्थिर उभी होती, पाठ दाराला लावून, आपटून घ्यायला तयार. त्या दगडाचं नाव सांगणारं दुसरं कुणी जगात नव्हतं, आणि मला काकूंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं की ते आता काकूंपाशीही नाही.

मग त्यांची नजर खाली गेली. सईच्या बुटांवर, गालिच्यावर, माझ्या साडीवर. तिथे थांबली.

"निऱ्या वर घ्या," काकू म्हणाल्या, "फवारा सुरू होतोय."

सईने माझ्याकडे पाहिलं. तिला शब्द कळले नव्हते, पण टपालपेट्यांपाशी राहून गेलेला दगड हाच, हे कळलं होतं. तिने ते शब्द जसेच्या तसे, तुटक मराठीत म्हटले, आणि स्वतःच दारावर दणकन आपटून घेतलं.

या वेळी मी मागे वळून झाडबीड शोधलं नाही. त्या कोरड्या, गालिच्याच्या व्हरांड्यात मी निऱ्या गुडघ्यापर्यंत वर घेतल्या.